खांब क्रमांक चौदा

आधी उभा छेद काढतात.
फणस चिरावा तसा रस्ता चिरायचा,
हाताला तेल न लावता.
वर डांबर, त्याखाली एक पाइप
जिचा पत्ता महापालिकेलाही नाही,
मग भराव, चिखल, शिंपले
(गिरगावात इथवर समुद्र होता,
हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं),
मग काळा दगड.
दगडात दोन मजले:
वरच्यावर तिकिटं, खालच्यावर गाडी.

या स्थानकाचे मी तीनशे बारा नकाशे काढले.
खोली टाउन हॉलच्या पायरीवरून धरली,
सरकत्या जिन्याला तीस अंश दिले,
आणि सगळ्याच्या मुळाशी एक बेरीज:
आग लागली तर चार मिनिटांत फलाट रिकामा,
सहाव्या मिनिटाला शेवटचा माणूस सुखरूप.
या बेरजेतून जिने येतात, रुंदी येते,
बाक कुठे नसावा तेही येतं.
वर्टीसाहेब म्हणायचे, स्थानक म्हणजे नळ.
साचलं की चुकलं.

उद्घाटनाला पाच आठवडे होते
तेव्हा प्रमिलाबाई धैर्यवान आल्या,
पायाखालच्या पिवळ्या लाद्या तपासायला.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं,
जन्मापासून दिसत नाही,
पर्समध्ये आल्याच्या वड्या.
मी सांगत होते, उभ्या रेषा म्हणजे चाला,
ठिपके म्हणजे थांबा.
त्या ऐकत होत्या,
फक्त माझं नाही.
तिकीटघराच्या मधोमध जीभ टाळ्याला लावून
एकदाच टक् केलं.
"इथे छत उतरलंय."
उतरलं होतं. हवेची नळी, चाळीस सेंटीमीटर,
जी लपवायला आम्ही सहा बैठका घेतल्या.
"उजवीकडे पोकळ."
लिफ्टचा खड्डा.
"गाडी येतेय का गं?"
नाही, म्हटलं, आज कुठली गाडी.
दीड मिनिटाने चाचणीची रिकामी गाडी
आमच्या समोरून निघून गेली.

तीनशे बारा नकाशे,
आणि एकातही मी आवाज काढला नव्हता.

खाली फलाटावर काठी टेकवून त्या म्हणाल्या,
"आणि वाट बघायची तर कुठे?"
दर चार मिनिटांनी आहे ना, मी म्हटलं.
"गाडीची नाही. माणसाची.
आमच्या वेळी सांगायचे, घड्याळाखाली भेट.
घड्याळ मला कधी दिसलं नाही,
पण त्याच्याखाली माझी चुकामूक झाली नाही."
मग वडी दिली. तिखट होती.

रात्री नकाशा उघडला.
जिकडे तिकडे बाण,
सगळे जाणारे.
चौदाव्या खांबामागे, जिन्याच्या पोटाखाली,
गर्दीचं गणित जिथे पोहोचत नाही
तिथे एक कोपरा निघाला,
दीड मीटर बाय साठ सेंटीमीटर.
वर्टीसाहेबांनी कागद बराच वेळ धरला.
हे काय?
दगडी कट्टा.
कुणी मागितला?
टेलिफोन एक्स्चेंजने.
हसले नाहीत. सही केली,
तारीख आदल्या वर्षाची पडली.

कट्ट्याचा दगड याच खड्ड्यातला.
पुढ्यात ठिपक्यांची एकच लादी.
पाटी नाही; पाटी लावली
की अग्निशमनवाले कारण विचारणार.

परवा तिथे एक मुलगा बसला होता,
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात कसलीशी पुडी.
एक गाडी सोडली त्याने.
दुसरी सोडली.
माझ्या हिशेबाने तो
दोनदा जळून गेला होता.
तिसरी आली, दारं उघडली,
त्याने मान वर केली, पुन्हा खाली.
मला वरळीला सव्वापाचला पोहोचायचं होतं.
कुणी आलं का, ते बघायला मी थांबले नाही.
म्हणजे,
थांबले थोडी.